कच्चे कैदी, जामीन आणि सुटका : मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरमधलं हर्सूलचं मध्यवर्ती कारागृह असो की बीड, लातूर, नांदेड, परभणी, धाराशिवची जिल्हा कारागृहं, फाटकाबाहेर पिशव्या घेऊन बसलेल्या नातेवाइकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. कलमं १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतली आहेत. वकिलांच्या तोंडी अजून सीआरपीसीचेच (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे) आकडे बसलेले असल्याने गरज पडेल तिथे तेही दिले आहेत. जामीन मंजूर होणं वेगळं आणि माणूस घरी येणं वेगळं. मधले आठवडे बहुतेक वेळा कागदापायी जातात, म्हणून कागदांवरच इथे जास्त लिहिलं आहे.

१. कच्चा कैदी म्हणजे कोण? त्याला शिक्षा झालेली असते का?

नाही. ज्याचा तपास किंवा खटला चालू आहे आणि ज्याला जामीन मिळालेला नाही, किंवा मिळूनही भरता आलेला नाही, तो कच्चा कैदी. कारागृहाच्या कागदावर त्याला 'न्यायाधीन बंदी' म्हणतात. शिक्षा झालेला तो 'सिद्धदोष बंदी', म्हणजे पक्का. दोघं एकाच भिंतीआड असले तरी त्यांना लागू होणारे नियम वेगळे आहेत. पॅरोलबद्दलचा घोळ यातूनच होतो (प्रश्न १६).

२. तुरुंग भरलेत म्हणजे गुन्हेगारी वाढली, असंच ना?

आकडे तसं सांगत नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे देशातल्या कारागृहांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे चारातले तीन. शेवटचा आकडा क्षमतेच्या आकड्याशेजारी ठेवून पाहा. देशातले सगळे तुरुंग नुसत्या कच्च्या कैद्यांनीच भरून जातात, शिक्षा झालेल्यांसाठी जागा त्यानंतर शोधायची. नवी बराक बांधली की तीही भरते. गर्दी कमी करायचे खरे रस्ते तीनच: गरज नसताना अटक टाळणं, जामीन वेळेत मिळणं आणि मिळालेला जामीन भरता येणं. तिसरा सगळ्यात स्वस्त आहे आणि सगळ्यात दुर्लक्षितही.

३. पोलिसांनी घरातून उचलून नेलं. पहिल्या दिवशी काय करायचं?

आधी अटक झाली आहे की नुसती चौकशीसाठी नेलं आहे, ते विचारा. अटक असेल तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं (कलम ५८). अटकेची कारणं अटक झालेल्याला सांगावी लागतात (कलम ४७) आणि नातेवाइकाला कळवावं लागतं (कलम ४८). नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की ही कारणं लेखी आणि त्या माणसाला कळणाऱ्या भाषेत द्यायची, उशिरात उशिरा रिमांडच्या (कोठडी मागण्यासाठी न्यायालयात उभं करण्याच्या) दोन तास आधी. तो कागद मागून घ्या, जामीन अर्जात कामाला येतो.

७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची (कलम ३५(३), जुनं ४१-अ), अटक करायचीच असेल तर तिची गरज लिहून ठेवायची, असा नियम आहे. ही नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. पण नोटीस हातात पडली आणि माणूस गेलाच नाही, तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत. जाताना सोबत कुणीतरी जा आणि हजर राहिल्याची पोच घ्या. आरोपी ६० वर्षांवरचा किंवा दुर्बल असेल आणि गुन्हा ३ वर्षांखालच्या शिक्षेचा असेल, तर उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही (कलम ३५(७)). ठाण्यात हे कलम आकड्यासकट सांगावं, नुसतं "म्हातारा माणूस आहे हो" म्हणून भागत नाही.

४. पीसीआर आणि एमसीआर यात फरक काय?

पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी. माणूस ठाण्याच्या ताब्यात, चौकशी चालू. एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. माणूस कारागृहात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही, पण नव्या कायद्याने ते १५ दिवस तुकड्यातुकड्यांनी मागता येतात: तपासाची मुदत ६० दिवस असलेल्या गुन्ह्यात पहिल्या ४० दिवसांत, ९० दिवस असलेल्या गुन्ह्यात पहिल्या ६० दिवसांत (प्रश्न ७). त्यामुळे 'एमसीआर झाला, आता पोलीस परत नेणार नाहीत' असं धरून चालू नका.

५. वकील लावायला पैसे नाहीत. सरकारी वकील मिळतो का?

मिळतो, आणि कोठडीतल्या माणसाला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्ये 'कोठडीतील व्यक्ती' असं सरळ लिहिलेलं आहे. तरी उत्पन्नाचा दाखला मागून परत पाठवल्याच्या तक्रारी येतात. अशा वेळी कलम १२ दाखवा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका समिती. दूरध्वनी १५१००. कारागृहातही विधी सहाय्य कक्ष असतो, बंदी स्वतः तिथून अर्ज देऊ शकतो. खंडपीठात जायचं असेल तर औरंगाबाद खंडपीठाची वेगळी उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती आहे.

एक शब्द जपून वापरा. 'सरकारी वकील' म्हटलं की न्यायालयात तो फिर्यादी पक्षाचा वकील होतो. तुम्हाला हवा आहे 'विधी सेवेचा वकील'. चुकीच्या खोलीत चुकीच्या माणसाला सगळी हकीकत सांगून आलेले लोक आहेत.

हा वकील फुकट असतो. कुणी 'वरखर्चाला' पैसे मागितले तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी द्या.

६. जामीन कुठल्या न्यायालयात मागायचा आणि किती दिवस लागतात?

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्क आहे (कलम ४७८). अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर माणूस निर्धन समजून जातमुचलक्यावर (जामीनदाराशिवाय, स्वतःच्याच हमीवर) सोडायचा, असं त्याच कलमात आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात पायऱ्या अशा: न्यायदंडाधिकारी (कलम ४८०), मग सत्र न्यायालय, मग खंडपीठ (दोन्हीसाठी कलम ४८३). फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्याकडे सहसा काही हाती लागत नाही, पण आरोपी बाई, आजारी किंवा दुर्बल असेल तर तिथेही मागता येतो. जामीन अर्ज साधारण दोन आठवड्यांत निकाली काढावेत असं सर्वोच्च न्यायालयाने ११ जुलै २०२२ च्या सतेंदरकुमार अंतिल निकालात सांगितलं आहे. प्रत्यक्षात पोलिसांचं म्हणणं ('से') यायला उशीर होतो आणि तारीख पुढे जाते. दोन तारखा नुसत्या 'से' साठी गेल्या असतील तर वकिलाला हा निकाल दाखवायला सांगा.

७. 'साठ दिवस झाले की आपोआप सुटतो' हे खरं का?

अर्धं खरं. तपास ठरल्या दिवसांत संपवून दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर जामिनाचा हक्क तयार होतो (कलम १८७(३), जुनं १६७(२)). फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६०. पण 'आपोआप' काही होत नाही. अर्ज करावा लागतो, तोही दोषारोपपत्र येण्याच्या आधी. सकाळी दोषारोपपत्र आलं आणि तुम्ही दुपारी अर्ज केला, तर हक्क गेला.

दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडच्या तारखेपासून मोजायचे आणि तो दिवस धरून मोजायचे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये हे नक्की केलं. समजा पहिला रिमांड १ मार्चला झाला. मार्चचे ३१ आणि एप्रिलचे २९ मिळून २९ एप्रिलला ६० भरले. अर्ज ३० एप्रिलला, न्यायालय उघडताच. ९० दिवसांचा गुन्हा असेल तर २९ मे ला भरतात, अर्ज ३० मे ला. मध्ये सुट्ट्या आल्या म्हणून पोलिसांना दिवस वाढवून मिळत नाहीत.

अर्जानंतर घाईघाईने दोषारोपपत्र आणलं तरी झालेला हक्क जात नाही. मात्र जामीन मंजूर झाल्यावर तो भरण्यात टंगळमंगळ केली तर घोटाळा होतो. म्हणून ५५ व्या दिवशीच जामीनदार शोधून त्याचे कागद तयार ठेवा. मकोका आणि गांजाच्या मोठ्या प्रकरणांत ही मुदत १८० दिवसांपर्यंत जाते (प्रश्न १४).

८. जामीन झाला. आता जामीनदाराचे कोणते कागद लागतात?

सगळ्यात जास्त माणसं इथेच अडकतात. जामीनदार नातेवाईकच हवा असं नाही, पुरुषच हवा असंही नाही. त्याने स्वतः हजर राहावं लागतं. सोबत मूळ आधार कार्ड, रेशन कार्ड, दोन पासपोर्ट फोटो आणि ऐपतीचा पुरावा: ताजा डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ, किंवा गावठाणातल्या घराचा नमुना ८ आणि घरपट्टीची चालू पावती, किंवा नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. काही न्यायालयं तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. त्याला वेळ लागतो, म्हणून आदेशात तो मागितलाय का ते आधी वाचा आणि मगच तहसीलला पळा.

हरकती निघतात त्या ठरलेल्या असतात. सातबारा सामाईक असतो, चार भावांची नावं आणि एकच सही करायला आलेला. अशा वेळी आठ-अ वरचा त्याचा हिस्सा दाखवावा लागतो. 'इतर हक्क' रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा असतो. कर्ज मोठं आणि जामिनाची रक्कम मोठी असेल तर दुसरा जामीनदार बघा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असते. मराठवाड्यात इनामी आणि कूळकायद्यातल्या जमिनींमुळे हे फार आढळतं, आणि विकायला परवानगी लागणारी जमीन 'ऐपत' धरावी का यावर कारकून अडून बसतो. शिवाय त्याने आधी किती जणांचा जामीन घेतला आहे हे प्रतिज्ञेवर सांगावं लागतं (कलम ४८६). तिथे लपवाछपवी नको.

आणि नाव. फिर्यादीत 'बाळू', आधारवर 'बालाजी', सातबाऱ्यावर 'बालासाहेब'. जामीनदाराच्या कागदांत हा फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी सोबत न्या. आरोपीच्याच नावात फरक असेल तर जामीन अर्जातच 'उर्फ' लावून दोन्ही नावं घालायला सांगा, नाहीतर तोच फरक सुटकेच्या दिवशी फाटकावर निघतो.

न्यायालयाच्या आवारात 'तयार जामीनदार' मिळवून देणारे भेटतात. बनावट सातबारा निघाला तर गुन्हा जामीनदारावर आणि आणणाऱ्यावरही होतो, आणि आतल्याचा जामीन रद्द होतो तो वेगळाच.

९. आमच्या नावावर शेतच नाही. गायरानात राहतो. मग?

रस्ते आहेत, आणि ते या क्रमाने धरावेत.

पहिला, तात्पुरता रोख जामीन. जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत मागायची आणि तोवर ठरावीक रक्कम भरून सुटायचं. महाराष्ट्रातल्या न्यायालयांत हे सर्रास मिळतं, पण मागावं लागतं. कलम ४९० प्रमाणे मुचलक्याऐवजी रोख रक्कम भरायची परवानगीही मागता येते. रक्कम झेपत नसेल तर कलम ४८४: जामिनाची रक्कम अवाजवी नसावी, आणि सत्र न्यायालय किंवा खंडपीठ ती कमी करू शकतं. नुसत्या जातमुचलक्यावर सोडण्याची विनंतीही करता येते. 

तेही जमलं नाही तर ३१ जानेवारी २०२३ चे सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश कामाला येतात. जामीन आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकामार्फत बंद्याला पोचवायची. ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर न्यायालय स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. हे सगळं कागदावर चोख आहे. प्रत्यक्षात सातवा दिवस कुणी मोजत बसत नाही, तो तुम्ही मोजा आणि आठव्या दिवशी सचिवांकडे साधा एका पानाचा अर्ज द्या. त्यात बंद्याचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं, जामीन आदेशाची तारीख, रक्कम आणि 'गरिबीमुळे भरू शकलो नाही' हे वाक्य असावं.

त्याच अर्जात केंद्र सरकारच्या गरीब कैद्यांसाठीच्या योजनेचा लाभ मागा. २०२३ च्या मूळ मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत रक्कम सरकारने भरायची, अशी मर्यादा होती. आताची मर्यादा सचिवांना विचारा. निर्णय जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधिकारी आणि विधी सेवा सचिव असलेली जिल्हा समिती घेते. भ्रष्टाचार, अमली पदार्थ, मनी लाँडरिंग आणि यूएपीएची प्रकरणं यात बसत नाहीत.

१०. ऊसतोडीला गेलेल्या भावावर कोल्हापूर जिल्ह्यात गुन्हा झाला. टोळी गावाकडे आली, तो तिथल्या कळंबा कारागृहात अडकलाय. बीडचा जामीनदार चालतो का?

कायद्यात जिल्ह्याची वेस नाही. १९७८ च्या मोतीराम प्रकरणात एका गवंड्याचा जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ते चूक ठरवलं. २०२३ च्या वर सांगितलेल्या निर्देशांतही 'स्थानिक जामीनदार' ही अट सुटकेला उशीर करते, ती घालू नये असं म्हटलं आहे. तरी आदेशात 'स्थानिक' शब्द येऊन बसतो, कारण युक्तिवादाच्या वेळी कुणी बोललेलं नसतं. म्हणून जामीन अर्जातच लिहा: अर्जदार हंगामी मजूर आहे, कायम पत्ता अमुक तालुका, जिल्हा बीड, जामीनदार तिथलाच राहील.

दुसरी अडचण कागदपडताळणीची. तिकडचं न्यायालय बीडच्या तहसीलकडे किंवा पोलीस ठाण्याकडे खात्री करायला पाठवतं आणि पत्र वाटेत रेंगाळतं. तेवढ्यासाठी तात्पुरता रोख जामीन मागून आधी माणूस बाहेर काढा. मुकादमाच्या भरवशावर राहू नका. उचल बाकी असेल तर जामिनाचे पैसे भरून तो नवी उचल मांडतो, आणि पुढच्या हंगामात कोयता (ऊसतोडीची नवरा-बायकोची जोडी) फुकट राबतो.

वर जायची वेळ आली तर औरंगाबाद खंडपीठ चालत नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची प्रकरणं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहेत. गुन्हा बेळगाव जिल्ह्यातला असेल तर कर्नाटक उच्च न्यायालयाचं धारवाड खंडपीठ.

सुटल्यावरची तारीख चुकवू नका. प्रत्येक तारखेला बीडहून जाणं परवडत नाही हे खरं, पण त्यासाठी वकिलामार्फत हजेरीमाफीचा अर्ज असतो (कलम २२८ आणि ३५५). अर्ज न देता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघतं आणि दुसऱ्यांदा मिळवलेला जामीन पहिल्यापेक्षा जड असतो.

११. जामीनही भरला, तरी कारागृहातून सोडत नाहीत. का?

चार कारणं तपासा. सुटकेचा आदेश संध्याकाळच्या बंदीनंतर पोचला असेल तर सुटका दुसऱ्या दिवशी. आदेशातलं नाव, वडिलांचं नाव किंवा गुन्हा क्रमांक कारागृहाच्या नोंदीशी जुळत नसेल तर दुरुस्त आदेश आणावा लागतो. त्याच गुन्ह्यात नंतर कलम वाढवलं असेल तर वाढलेल्या कलमासाठी वेगळा जामीन घ्यावा लागतो. चौथं आणि नेहमीचं, दुसऱ्या ठाण्याचं वॉरंट आधीच कारागृहात येऊन पडलेलं असतं आणि घरच्यांना त्याचा पत्ता नसतो. म्हणून पहिला जामीन भरण्याआधी बंद्याला मुलाकातीत एकच विचारा: "अजून कुठल्या ठाण्याचा कागद आलाय का?" ई-कोर्ट्सच्या ॲपवर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक टाकून प्रत्येक प्रकरणाची पुढची तारीख पाहता येते.

१२. जामीनदाराला काय धोका? शेत जातं का?

आरोपी तारखेला येत राहिला तर काहीच नाही. आला नाही तर मुचलका जप्त होतो आणि जामीनदाराला कारणे दाखवा नोटीस येते (कलम ४९१). कारण पटलं नाही तर रक्कम दंडासारखी वसूल करता येते, पण न्यायालय त्यातली काही माफ करू शकतं. नोटिशीला उत्तर न देणं ही सगळ्यात महागडी चूक. आरोपी बिघडलाय असं वाटलं तर जामीनदार वेळेवर अंग काढून घेऊ शकतो (कलम ४८९). त्यासाठी अर्ज द्यायचा. नुसतं गावात 'माझा काही संबंध नाही' म्हणून भागत नाही.

१३. खटला वर्षानुवर्षं चालतो. किती दिवस आत ठेवता येतं?

कलम ४७९. त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन. आधी कुठल्याही गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांशातच. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं आहेत, म्हणजे पहिल्या वेळच्या आरोपीला १ वर्ष. घरातल्या चोरीला ७ वर्षं, म्हणजे २ वर्षं ४ महिने. फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेल्या गुन्ह्याला हे लागू नाही. आरोपीने स्वतः लांबवलेले दिवस मोजत नाहीत.

हा अर्ज करणं कारागृह अधीक्षकाचं काम आहे, पोटकलम (३) मध्ये तसं लिहिलंय. गुन्हा १ जुलै २०२४ च्या आधीचा असला तरी एक तृतीयांशाचा फायदा मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ ला सांगितलं. अर्थात अधीक्षकाच्या यादीतून नाव सुटतं. कलम बदललेलं असतं किंवा अटकेची तारीख चुकलेली असते. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांची आढावा समिती असते, तिच्याकडे विधी सेवा सचिवांमार्फत नाव पाठवता येतं.

अडचण पोटकलम (२) ची. एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तर या कलमाखाली जामीन मिळत नाही. तरी नेहमीच्या जामिनाचा रस्ता बंद होत नाही. अनेक प्रकरणांत जामीन मिळाला पण तेवढे जामीनदार मिळत नाहीत, अशी वेळ आली तर ऑगस्ट २०२४ चा गिरीश गांधी निकाल दाखवा. त्यात सगळ्या प्रकरणांना तेच जामीनदार चालतील असं ठरलं.

१४. गांजा, ॲट्रॉसिटी, एमपीडीए: इथेही हेच नियम का?

नाही. तिन्हींचे नियम वेगळे आहेत.

कपाशीत किंवा तुरीत गांजाची झाडं सापडली की आधी वजन बघा. २० किलो ही व्यापारी मात्रेची रेघ आहे. तिच्या वर गेलं की अमली पदार्थ कायद्याच्या (एनडीपीएस) कलम ३७ च्या कडक अटी आणि १८० दिवसांची मुदत लागते. पंचनाम्यात ओली झाडं मुळं-मातीसकट तोलली असतील, तर ते वजन गांजाचं नाही. गांजा म्हणजे कायद्याने फुलोरा. हा मुद्दा वकिलाने पहिल्याच अर्जात घ्यायला हवा.

ॲट्रॉसिटीत अटकपूर्व जामिनाला कलम १८ आडवं येतं. नियमित जामीन मागता येतो, पण पीडिताला नोटीस देऊन ऐकल्याशिवाय नाही. विशेष न्यायालयाने नाकारला तर खंडपीठात जामीन अर्ज नाही, कलम १४-अ खाली अपील करायचं.

एमपीडीए (धोकादायक ठरवलेल्या माणसाला आधीच अडकवून ठेवण्याचा राज्याचा कायदा) ही शिक्षा नाही आणि खटलाही नाही, प्रतिबंधक स्थानबद्धता आहे. तिथे जामीन ही गोष्टच नसते. कमाल १२ महिने. स्थानबद्धतेची कारणं ५ दिवसांत द्यावी लागतात. सल्लागार मंडळापुढे म्हणणं मांडायचं आणि खंडपीठात याचिका करायची, हे मुख्य रस्ते.

१५. पोरगा १७ वर्षांचा आहे, पण कागदावर मोठा दाखवून मोठ्यांच्या तुरुंगात टाकलाय.

गुन्ह्याच्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाचं आहे, आणि हा मुद्दा खटल्याच्या कुठल्याही टप्प्यावर घेता येतो. पुरावा म्हणून आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार कार्ड वयाचा पुरावा म्हणून पुढे करू नका. आपल्याकडे निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून असते, गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. त्यामुळे समोरचा पक्ष शंका घेतोच. प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा मुख्याध्यापकाच्या सही-शिक्क्यानिशी काढा, आणि शक्य असेल तर पहिल्या शाळेचा.

१६. आई वारली. कच्च्या कैद्याला पॅरोल मिळतो का?

नाही. पॅरोल (अभिवचन रजा) आणि फर्लो (संचित रजा) शिक्षा झालेल्यांसाठी. पैठणच्या खुल्या कारागृहाचंही तसंच. कच्च्या कैद्यासाठी खटला चालू असलेल्या न्यायालयात तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात नेण्याची परवानगी मागा. मृत्यूचा दाखला मिळेपर्यंत थांबू नका, ग्रामपंचायतीचं किंवा पोलीस पाटलाचं पत्र जोडून त्याच दिवशी अर्ज द्या.

१७. 'गुन्हा कबूल कर, आजच सुटशील' असं सांगतात. ऐकावं का?

सही करण्याआधी एवढं समजून घ्या: सुटका होईल, पण शिक्षाही नोंदली जाईल. पोलीस भरती, एसटी, शिपाईपद, सगळीकडे ती आडवी येते. ४७९ मधला पहिल्या वेळचा फायदाही गेला.

शिक्षा होणारच असेल तरी तुरुंगाखेरीज मार्ग आहेत. १९५८ चा परिविक्षा कायदा, त्यात चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडता येतं. २१ वर्षांखालच्याला तुरुंगात पाठवायचं तर न्यायालयाला कारण लिहावं लागतं, आणि त्याच कायद्याच्या कलम १२ मुळे शिक्षेपायी येणारी कायदेशीर अपात्रता लागत नाही. वकील हे मागायला विसरतात. तुम्ही आठवण करा. भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षाही आली आहे, पण मोजक्या गुन्ह्यांना: ५,००० रुपयांखालची पहिलीच चोरी मुद्देमाल परत केल्यावर, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी धिंगाणा, अब्रुनुकसानी वगैरे. आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (कलम ४६८), ते निकालपत्रात आकड्यात लिहून घ्या.

१८. आम्ही पारधी आहोत. कुठेही चोरी झाली की आमच्या वस्तीवर गाडी येते.

३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवर आधारलेली कामवाटणी रद्द केली, नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये असंही बजावलं. वस्तीवर ज्यांना लिहिता येतं त्यांनी एक वही ठेवावी: गाडी कधी आली, कुठल्या ठाण्याची, कुणाला नेलं, किती वाजता. २४ तासांचा हिशेब (प्रश्न ३) या वहीवरच ठरतो, कारण ठाण्याच्या डायरीत अटक बऱ्याचदा एक दिवस उशिरा लिहिलेली असते.

१९. आम्ही फिर्यादी आहोत. सगळे आरोपी सोडायचे, मग आमचं काय?

जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही, खटला चालतोच. आरोपी धमकावत असेल तर जामीन रद्द करण्यासाठी अर्ज करता येतो (कलम ४८३(३)). त्यासाठी तारीख-वेळ असलेली तक्रार, कॉलची नोंद, साक्षीदार असं काहीतरी हातात हवं. तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं आहे (कलम १९३(३)). नुकसानभरपाई कलम ३९६ खाली विधी सेवा प्राधिकरणाकडे मागता येते. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना वेगळी आहे. आरोपी बिनशिक्षेचा दोन वर्षं आत राहिल्याने यातलं काहीच लवकर मिळत नाही.

२०. गावातून किंवा संस्थेतून मदत करायची आहे. सुरुवात कशाने करायची?

एका कोऱ्या कागदावर प्रत्येक बंद्यासाठी एक ओळ: नाव आणि उर्फ नाव, गुन्हा क्रमांक व ठाणं, कलमं, पहिल्या रिमांडची तारीख, ६० किंवा ९० वा दिवस, जामीन आदेशाची तारीख आणि रक्कम, आदेशानंतरचा सातवा दिवस, दुसरी प्रकरणं. रिमांडची तारीख नातेवाइकांना आठवत नाही, ती न्यायालयाच्या नोंदीतून घ्या. मग गावात बोजा नसलेला, एकट्याच्या नावाचा सातबारा असलेली आणि तारखेला यायला तयार असलेली पाच माणसं शोधून त्यांचे कागद एका फाइलीत ठेवा. सातबारा दर वेळी नवा काढावा लागेल, बाकीचे कागद तेच चालतात.